तू कुठली? देशांची, गावांची आणि माणसांची नावं



तिसरी-चौथीच्या वर्गात आपण देशांची नावं पाठ करून घेतो, राजधान्या पाठ करून घेतो. पण त्या देशातल्या माणसाला काय म्हणायचं, हे आपण वेगळं असं शिकवत नाही. जपानचा माणूस जपानी, चीनचा चिनी, एवढं लेकरांना आपोआप येतं. मग फ्रान्सचा फ्रान्सी का? इंग्लंडचा इंग्लंडी का? इथं लेकरं अडतात. या शब्दांवर मी चौथीच्या वर्गात आठवडाभराचा एक उपक्रम घेतला, त्याबद्दल हा लेख. यात थोडं स्पॅनिश आहे, थोडा रायगड आहे आणि एका मुलीचं कार्ड आहे. त्या कार्डामुळेच हे सगळं तुमच्यापर्यंत पोचवावंसं वाटलं.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. मी मूळची परभणी जिल्ह्यातली. डी.एड. झाल्यावर शिक्षणसेवक म्हणून रायगडला लागले. पहिली काही वर्षं पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर द्विशिक्षकी शाळेत काढली, आता महाडमध्ये आहे. इकडे मला सुरुवातीला सगळे ‘घाटावरच्या बाई’ म्हणायचे. त्यामुळे ‘तू कुठली?’ या प्रश्नाशी माझी चांगली ओळख आहे.

स्पॅनिश मध्येच कुठून आलं?

तुमच्या वर्गातही आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांचा, पाठीवर १० नंबर असलेला टी-शर्ट घालून येणारी दोन-तीन मुलं असतीलच. माझ्याही वर्गात आहेत. एकदा त्यातल्या एकाने विचारलं, “बाई, मेस्सी कोणती भाषा बोलतो?” मी सांगितलं, स्पॅनिश. लगेच पुढचा प्रश्न, “मग एक वाक्य बोलून दाखवा ना!” तेव्हा मला एकही येत नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोबाइलवरच्या एका मोफत ॲपवर रोज पंधरा मिनिटं बसले. स्पॅनिश काही आली नाही, पण सुरुवातीचे धडे झाले. त्यातलाच एक धडा ‘मी अमुक देशाचा’ हा होता. तो करताना सारखं वाटायचं, हे तर आपल्या मराठीशी ताडून बघायला हवं.

स्पॅनिशमध्ये ‘मी आहे’ हे एकाच शब्दात सांगता येतं: सोय. मी फळ्यावर लिहिलं, ‘सोय आर्हेंतिनो’, म्हणजे मी अर्जेंटिनाचा आहे. वर्ग हसायला लागला. एकाने विचारलं, “बाई, मी आहे म्हणजे सोय, तर मी नाही म्हणजे गैरसोय का?” मी सांगितलं, नाही रे बाळा, मी नाही म्हणजे ‘नो सोय’. त्या दिवसापासून हजेरीला ‘उपस्थित’ऐवजी दोघं-तिघं ‘सोय’ म्हणतात. व्याकरण असं चिकटलं तर चिकटू द्यावं.

आता नियम सांगते. मुख्य तीन आहेत आणि लेकरांना एका तासात कळतात.

पहिला नियम: शब्दाच्या शेवटी ‘ओ’ असेल तर मुलीसाठी त्याचा ‘आ’ होतो. मुलगा आर्हेंतिनो, मुलगी आर्हेंतिना. मुलगा मेहिकानो, मुलगी मेहिकाना, म्हणजे मेक्सिकोची.

दुसरा नियम: शेवटी व्यंजन असेल तर मुलीसाठी पुढे ‘आ’ लावायचा. एस्पान्योल – एस्पान्योला, म्हणजे स्पेनचा, स्पेनची. इंग्लेस – इंग्लेसा, म्हणजे इंग्रज. हापोनेस – हापोनेसा, म्हणजे जपानी.

तिसरा नियम: शेवटी ‘ए’ किंवा ‘ई’ असेल तर मुलगा-मुलगी दोघांना एकच शब्द. कानादिएन्से म्हणजे कॅनडाचा किंवा कॅनडाची. इरानी म्हणजे इराणी.

तिसऱ्या नियमाशी एक मुलगी उठली. “बाई, हे तर आपल्यासारखंच झालं. जपानी मुलगा, जपानी मुलगी, दोन्हीकडे जपानीच!” बरोबर. चौथीत आपण विशेषण शिकवतो. चांगला, चांगली, चांगले असं बदलणारं एक आणि न बदलणारं दुसरं. ‘चांगला’ बदलतो, ‘जपानी’ बदलत नाही. हा फरक मी आधी दोनदा शिकवला होता तेव्हा वर्गाने नुसत्या माना डोलावल्या होत्या. शेजारी परकी भाषा ठेवल्यावर त्यांना तो स्वतःहून दिसला. स्पॅनिशमधला हा शेवटचा ‘ई’ अरबीतून आलेला आहे. इराणी, अरबी असे शब्द आपल्याकडेही त्याच बाजूने आले. म्हणून ‘इरानी’ आणि ‘इराणी’ इतके सारखे.

गंमत भारताच्या वेळी झाली. भारतीय मुलगा इंदिओ, भारतीय मुलगी इंदिया. म्हणजे देशाचं नाव आणि मुलीचा शब्द एकच. “म्हणजे मी अख्खा देश?” असं म्हणून एक जण ऐटीत बसली. पण या शब्दाला एक जुनी अडचण आहे, तीही मी सांगितली. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेजवळच्या बेटांवर पोचला आणि आपण हिंदुस्थानाकडे आलो असं त्याला वाटलं. म्हणून तिथल्या मूळ लोकांना ‘इंदिओ’ हे नाव पडलं, ते आजतागायत चालू आहे. काही ठिकाणी ते हिणवायलाही वापरतात. म्हणून ‘सोय दे ला इंदिया’ असं म्हणणं सोयीचं पडतं. याचा अर्थ, मी भारताची आहे. म्हणजे आपला चा-ची-चे तिकडेही कामाला येतो. मराठीत एखाद्या देशाचा शब्द आठवला नाही तर बिनधास्त ‘चा’ लावा. अर्जेंटिनाचा खेळाडू, घानाची मुलगी, नॉर्वेचे लोक. कुठंही चुकत नाही.

आता आपली मराठी

दुसऱ्या दिवशी मी फळ्याचे चार भाग केले आणि लेकरांनाच शब्द आणायला सांगितले.

पहिल्या भागात ‘कर’: महाडकर, पोलादपूरकर, मुंबईकर, पुणेकर. आपली कितीतरी आडनावं यातूनच आलीत. तेंडोलीचे तेंडुलकर, मंगेशीचे मंगेशकर. बाबासाहेबांच्या आडनावाच्या मुळाशीही मंडणगड तालुक्यातलं आंबडवे गाव आहे, आणि मंडणगड आमच्यापासून काही लांब नाही.

दुसऱ्या भागात ‘ई’: कोल्हापुरी, नागपुरी, पुणेरी, कोकणी, वऱ्हाडी, जपानी, चिनी.

तिसऱ्या भागात ‘ईय’: भारतीय, युरोपीय, गोमंतकीय. हे जरा पुस्तकी.

चौथ्या भागात इंग्रजीतून जसेच्या तसे आलेले: अमेरिकन, रशियन, इटालियन, ऑस्ट्रेलियन, फ्रेंच.

मग प्रश्न विचारला: कोल्हापुरी कोण आणि कोल्हापूरकर कोण? थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, “कोल्हापुरी चप्पल असते, कोल्हापूरकर माणूस असतो.” पुणेरी पगडी, पण पुणेकर आजोबा. नागपुरी संत्रं, पण नागपूरकर काकू. गावाच्या नावाला ‘ई’ लागली की बहुतेक वेळा वस्तू किंवा ढंग, ‘कर’ लागला की माणूस. हे वर्गाने स्वतः शोधलं. देशांना मात्र हा नियम लागत नाही. जपानी बाहुली आणि जपानी माणूस, दोन्ही जपानीच. दुबईकर म्हणतात, लंडनकर म्हणतात, पण भारतकर कोणी म्हणत नाही. ‘कर’ गावा-शहराबरोबर जातो, देशाबरोबर सहसा जात नाही. गोवेकर हा अपवाद एकाने शोधून काढला, त्याची मावशी म्हापशाला दिलेली आहे.

‘महाडकर’ मुलगा की मुलगी, हे शब्दावरून कळत नाही. बोलताना कधी ‘मुंबईकरीण’ म्हणतात, पण ते थट्टेत. स्पॅनिशमध्ये स्वतःची ओळख सांगताना बहुतेक वेळा मुलगा की मुलगी हे सांगावंच लागतं. आपल्याकडे ‘मी महाडकर आहे’ म्हटलं तर कळत नाही, ‘मी महाडला राहते’ म्हटलं की कळतं. म्हणजे आपण ते काम क्रियापदावर टाकलंय. ही जोडी फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून बघा, लेकरं लगेच पकडतात.

रायगडावरचे टोपीकर

चौथीच्या परिसर अभ्यास भाग दोनमध्ये शिवाजी महाराजांचा इतिहास आहे. रायगड तर आमच्याच महाड तालुक्यात. म्हणून तिसऱ्या दिवशी तिथं गेलो, म्हणजे शब्दांनी गेलो. १६७४ साली राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडेन नावाचा इंग्रज वकील गडावर आला होता. तेव्हा आपल्या लोकांनी या परक्या माणसांना काय काय नावं दिली? इंग्रज, फिरंगी म्हणजे मुख्यतः पोर्तुगीज, वलंदेज म्हणजे डच, फरासीस म्हणजे फ्रेंच, डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे. जंजिऱ्याचे हबशी तर होतेच. हबश म्हणजे आजच्या इथिओपियाचा मुलूख. आणि युरोपातल्या या सगळ्यांना मिळून एक नाव: टोपीकर! डोक्यावर टोपी म्हणून टोपीकर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही हा शब्द आहे.

आता ‘इंग्रज’ हा शब्द बघा. तो इंग्लंडवरून सरळ आलेला नाही. इंग्रज इथं यायच्या आधी पोर्तुगीज आले होते. त्यांचा इंग्रजांसाठीचा शब्द आपण उचलला आणि त्याचा इंग्रज झाला. वलंदेजही तसाच, हॉलंडच्या माणसाला पोर्तुगीज जे म्हणायचे त्यावरून. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. फळ्यावर कालचा ‘इंग्लेस’ अजून पुसलेला नव्हता. मी त्याच्या बाजूला ‘इंग्रज’ लिहिलं आणि गप्प राहिले. एक-दोन मिनिटांत शेवटच्या बाकावरून आवाज आला, “बाई, हे तर भाऊ-भाऊ आहेत!” स्पॅनिश आपल्याला परकी वाटते, पण तिच्या चुलत्याचा शब्द आपण तीन-साडेतीनशे वर्षं वापरतोय. आपल्याच जिल्ह्यात मुरूड तालुक्यातल्या कोर्लईला आजही पोर्तुगीजातून घडलेली बोली घराघरांत बोलतात, हे सांगितलं तेव्हा तर त्यांना सहल कोर्लईलाच न्यायची होती.

एका टोपलीत सगळे

टोपीकर हा शब्द मजेचा आहे, पण त्यात एक गोष्ट दडलेली आहे. इंग्रज वेगळा, डच वेगळा, फ्रेंच वेगळा, पण लांबून बघणाऱ्याने सगळ्यांना एका टोपलीत टाकलं. सगळी माणसं लांबच्या माणसांना असंच नाव देतात. अर्जेंटिनात स्पेनहून आलेल्या कुठल्याही माणसाला ‘गाय्येगो’ म्हणण्याची पद्धत पडली. गाय्येगो म्हणजे खरं तर स्पेनच्या गॅलिसिया या एकाच भागातला. सीरिया-लेबनॉनहून गेलेल्यांना तिकडे ‘तुर्को’ म्हणजे तुर्की म्हणत आले. आपण काय वेगळं केलं? तमिळ, मल्याळी, तेलुगू सगळे मद्राशी. मी घाटावरची, सातारा कुठं आणि परभणी कुठं, पण कोकणाला घाट चढला की सगळं घाटीच. आणि परदेशी हे आडनाव बघा. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रात राहून, मराठी बोलूनही ती माणसं नावाने परदेशीच.

इथपर्यंत धडा छान चालला होता. चौथ्या दिवशी मी कार्डं वाटली. त्यावर एकच वाक्य: ‘मी ________ आहे.’ नाव नाही लिहायचं, गावावरून, मुलखावरून, देशावरून शब्द लिहायचा. महाडकर, कोकणी, भारतीय, रायगडकर अशी कार्डं भरायला लागली. एकाने मुंबईकर लिहिलं, कारण वडील मुंबईला असतात. एका मुलीचं कार्ड तसंच कोरं होतं. तिचे आई-वडील बिहारमधून आलेले, बाजारपेठेच्या मागे भाड्याच्या खोलीत राहतात. ती बालवाडीपासून इथंच शिकते, मराठी माझ्यापेक्षा कोकणी वळणाची बोलते.

मागून एक जण म्हणाला, “बाई, तिला लिहा म्हणावं, ती भय्या आहे.”

त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच मला जास्त लागलं. घरात, नाक्यावर जसं ऐकलं तसं तो सहज बोलला. मी त्याला रागावले नाही. त्या मुलीला विचारलं, “तुमच्या घरी भय्या कुणाला म्हणतात गं?” ती म्हणाली, “मोठ्या भावाला.” मग मी वर्गाला विचारलं, “मग ही कशी भय्या? ही तर कुणाची तरी बहीण.” थोडं हसू झालं. मुलगीही हसली. मग तिने पेन्सिल उचलून लिहिलं: महाडकर.

लगेच हरकत आली. “पण तिचे बाबा बिहारचे आहेत.” मी म्हटलं, ठीक आहे, महाडकर कोण हे आपण ठरवू. जन्मावरून? हात वर करायला सांगितले, तर पहिलं बाळंतपण माहेरी या रीतीने निम्मा वर्ग आजोळी जन्मलेला निघाला. कुणी खेडचा, कुणी माणगावचा, कुणी थेट दादरचा. जमिनीवरून? बऱ्याच घरांना जमीनच नाही. राहण्यावरून? मग मुंबईत राहणारे बाबा गावचे कसे? गणपतीला आणि शिमग्याला येतात म्हणून? वाद चांगलाच रंगला. तेवढ्यात एक एरवी न बोलणारी मुलगी म्हणाली, “बाई, पूर आला तेव्हा ती आमच्या माळ्यावर होती. तिची आई आणि माझी आई रात्रभर जाग्या होत्या. मग ती महाडकरच ना?”

२०२१ च्या जुलैमधला तो पूर. तेव्हा ही लेकरं पाच-सहा वर्षांची होती. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. वर्गात कुणी पुढे काही बोललं नाही. कार्ड भिंतीवर लागलं.

आईचा प्रश्न

गोष्ट इथं संपली असती तर मी लेख लिहिला नसता. दोन दिवसांनी त्या मुलीची आई शाळेत आली. म्हणाली, “बाई, महाडकर लिवलं, चांगलं झालं. पन ती बिहारी पन हाय ना? बिहारी लिवायला काय वाईट हाय?” मी म्हटलं, काहीच वाईट नाही. “मग तिला कोन बिहारी बोललं की ती रडते का?”

शब्द तोच. ‘पुणेरी’, ‘कोकणी’सारखाच साधा ‘ई’ लागलेला, व्याकरणाने निर्दोष. पण तो रस्त्यावर ज्या सुरात बोलला जातो, तो सूर लेकराच्या कानात बसलेला. महाडकर लिहून ती त्या सुरातून सुटली, पण त्याबरोबर तिने आजी-आजोबांचं गावही झाकून ठेवलं होतं. तिच्या आईला ते दिसलं, मला दिसायला तिला यावं लागलं. त्यांच्या घरात मगही बोलतात. आमच्या रजिस्टरला मातृभाषेचा रकाना एकच, त्यात ‘हिंदी’ लिहिलेलं आहे. जनगणनेतही मगही हिंदीतच धरतात. पुन्हा तीच टोपली.

म्हणून मी एक बदल केला. सगळ्यांना दुसरं कार्ड दिलं, यावेळी दोन रिकाम्या जागा: ‘मी ________ आणि ________ आहे.’ आता सगळ्यांनाच दुसरा शब्द शोधावा लागला. कुणी महाडकर आणि खेडकर, कुणी कोकणी आणि भारतीय. त्या मुलीने बराच वेळ घेतला आणि लिहिलं, बिहारी आणि महाडकर. बिहारी हा शब्द तिने आधी लिहिला. मग ‘भय्या’ म्हणणाऱ्या मुलाने तिला विचारलं, “तुमच्या भाषेत पाण्याला काय म्हणतात?” तो आता रोज एक शब्द विचारतो. चिडवणं पूर्ण थांबलं असं मी म्हणणार नाही. मैदानात अजून कधीतरी ऐकू येतं. पण आता ऐकू आलं की दुसरंच कुणीतरी टोकतं.

मलाही लेकरांनी कार्ड भरायला लावलं. माझा आंतरजिल्हा बदलीचा अर्ज केलेला आहे, घरी सासू-सासरे एकटे असतात. मी परभणीकर लिहिलं आणि थांबले. सुट्टीत गावी गेले की शेजारच्या मावशी म्हणतात, “कोकणातली मास्तरीण आली.” पुरानंतर शाळेतला चिखल काढायला मीही होते, हे पोरांनीच आठवण करून दिलं. माझ्या कार्डावर आता दोन्ही शब्द आहेत. बदली झाली तरी दुसरा शब्द खोडायचा नाही, असं वर्गाने बजावलंय.

तुमच्या वर्गात घ्यायचं असेल तर

१. नकाशा भिंतीवर हवा. शब्द सांगितला की देशावर बोट ठेवायचं.

२. आधी मराठीचे चार गट करून घ्या: कर, ई, ईय आणि इंग्रजीतून आलेले. न बसणारे शब्द वेगळे लिहा. इंग्रज हा त्यातला पहिला. माणूस इंग्रज, भाषा इंग्रजी. जपानी मात्र माणूसही आणि भाषाही.

३. ‘चिनी’ आणि ‘चायनीज’ यावर नक्की बोला. आमच्याकडे चिनी म्हणजे माणूस आणि चायनीज म्हणजे संध्याकाळची गाडी, असं ठाम मत होतं. हिंदी घरातलं मूल म्हणेल चीनी म्हणजे साखर. तिघंही बरोबर आहेत.

४. परकी भाषा कुठलीही चालेल. तुम्हाला कानडी, गुजराती, उर्दू येत असेल तर तीच घ्या. वर्गातल्या एखाद्या लेकराच्या घरची असेल तर सगळ्यात उत्तम, त्याला त्या दिवशी शिक्षक करा.

५. कार्डावर पहिल्यापासून दोन जागा ठेवा. एकच जागा ठेवली की कुणाला तरी काहीतरी लपवावं लागतं.

पालकांना एकच विनंती. घरात आपण भय्या, घाटी, मद्राशी असं सहज बोलून जातो. लेकरू ते शाळेत आणतं आणि शेजारच्या बाकावर ठेवतं. एखाद्या माणसाबद्दल बोलताना तो नेमका कुठल्या गावचा, कुठल्या जिल्ह्याचा हे विचारून घ्या आणि लेकरासमोर तेच नाव वापरा. नकाशाही शिकवून होईल.

पुढच्या लेखात भाषांच्या नावांबद्दल लिहीन. वर्गातल्या घरांत एकूण किती भाषा बोलल्या जातात, याची यादी लेकरं सध्या करत आहेत. काल सातवर पोचलो होतो.